टाच उचलली तरी चालते: पन्नाशीतल्या स्विंगबद्दल

तुमची पोस्ट वाचली आणि राहवलं नाही. वय ५४, ऑफिसच्या टीममधून वर्षानुवर्षं क्रिकेट, आता शनिवार-रविवार खारघरला गोल्फ, ड्रायव्हरने (सर्वांत लांब मारायच्या क्लबने) मारलेला चेंडू उजवीकडे पळतो, नवव्या होलपर्यंत कंबर धरते, आणि 'सिंगल प्लेन' (हात आणि क्लब एका रेषेत ठेवून मारायची पद्धत) शिकवणाऱ्या अकॅडमीचं महागडं पॅकेज घ्यावं का, हा प्रश्न. यातलं क्रिकेट आणि कंबर माझ्याकडेही होतं. पॅकेजही होतं.

आधी डिस्क्लेमर. मी कोच नाही, हँडिकॅप १८ च्या आसपास (म्हणजे फेरीत ठरलेल्या फटक्यांपेक्षा साधारण १८ जास्त) घुटमळणारा पुण्यातला हौशी खेळाडू आहे. उजव्या हाताने खेळणाऱ्याच्या हिशोबाने लिहितोय. दुखणं कंबरेतून पायात उतरत असेल तर माझं उत्तर बाजूला ठेवा आणि आधी डॉक्टरला दाखवा. स्टान्स, अलाइनमेंट वगैरे तुम्हाला येतंच असं धरतो.

मी गेलो होतो ती अकॅडमी इनडोअर. एसी, सिम्युलेटर, दोन बाजूंनी कॅमेरे. पहिल्याच दिवशी माझ्या फोटोवर लाल रेघा मारल्या आणि शेजारी एका टूर प्रोचा फोटो लावला. खांदे ९० अंश वळले पाहिजेत, कंबर ४५ च्या पुढे जायची नाही, डावी टाच जमिनीला चिकटलेली. रोज जिम करणाऱ्या पंचविशीतल्या पोराला हे जमतं. दिवसभर खुर्चीत बसून मांड्या आखडलेल्या माणसाची कंबर अडवून खांदे वळवले की सगळा पीळ मणक्याच्या खालच्या भागावर येतो. दुखतंय म्हणून सांगितलं तर उत्तर ठरलेलं: "सर, फ्लेक्सिबिलिटी वाढवा." अहो, फ्लेक्सिबिलिटी असती तर मी तुमच्याकडे कशाला आलो असतो?

त्यात कोच बदलत राहिले. पहिल्याने ग्रिप (क्लबची पकड) स्ट्राँग, म्हणजे हात उजवीकडे फिरवलेली, करून दिली. तो सोडून गेला. दुसऱ्याने ती 'चुकीची' म्हणून परत न्यूट्रल केली. तिसऱ्याने ग्रिपकडे पाहिलंच नाही, 'क्लब आतून (शरीराच्या बाजूने) आणा' एवढंच पालुपद. आधीच्याने काय शिकवलं याची नोंद कुठेच नाही, प्रत्येक जण पहिल्या पानापासून सुरू. चेंडू निघतो मुख्यतः क्लबफेस (क्लबचा चेंडूला लागणारा भाग) बघत असेल त्या दिशेला, आणि हवेत वळतो तो फेस आणि पाथ (क्लब फिरण्याची दिशा) यांच्यातल्या फरकामुळे. आतून आणायच्या नादात माझा फेस आणखी उघडला (उजवीकडे वळला). पूर्वी डावीकडून निघून फेअरवेवर (मधल्या कापलेल्या गवतावर) परत येणारा स्लाइस (हवेत उजवीकडे वळणारा फटका) आता उजवीकडूनच सुरुवात करून थेट झाडीत. फेस आणि पाथ, दोन्हींचे आकडे समोरच्या स्क्रीनवर दर शॉटला येत होते. ते वाचून समजावण्याचं काम कुणी केलं नाही, कॅरीचे (हवेतल्या अंतराचे) मीटर तेवढे मोठ्याने वाचले जायचे.

आणि ती मॅट! मॅटवर क्लब चेंडूच्या दोन इंच मागे आपटला तरी घसरत पुढे जातो, चेंडू उडतो, आवाजही छान येतो. जूनमध्ये कोर्सवर ओल्या मातीत तोच स्विंग केला की क्लब रुततो आणि चेंडू चार पावलं जातो. म्हणजे पैसे भरून मी फॅट शॉटचा (चेंडूआधी जमिनीला लागणाऱ्या फटक्याचा) सराव करत होतो. उरलेल्या सेशनचे पैसे परत मागितले तेव्हा काउंटरवरच्या मुलीने पावतीमागचा बारीक मजकूर दाखवला. असो. अजूनही आठवलं की डोकं फिरतं, म्हणून इतकं लिहिलं.

आता माझं मत, पटलं तर घ्या. 'नॅचरल' स्विंग म्हणजे तुमच्या शरीराला वळायला मोकळीक. बॅकस्विंगला डावी टाच उठतेय? उठू द्या. कंबर वळतेय? वळू द्या. जुन्या काळचा चॅम्पियन बॉबी जोन्सची टाच उठायची, १८ मेजर (गोल्फच्या सर्वांत मोठ्या स्पर्धा) जिंकलेल्या जॅक निकलॉसची उठायची. माझी कंबर ज्या दिवसापासून शांत झाली त्याचं श्रेय मी फिजिओच्या व्यायामांना निम्मं आणि या टाचेला निम्मं देतो. डाउनस्विंग सुरू होताना टाच परत टेकली पाहिजे, एवढं मात्र सांभाळा.

दुसरं, क्लबचं डोकं जाणवू द्या. अर्नेस्ट जोन्स नावाचा इंग्लिश प्रो होता. पहिल्या महायुद्धात, १९१६ मध्ये त्याचा उजवा पाय गुडघ्याखाली गेला. बरा झाल्यावर तो एका पायावर उभा राहून उत्तम गोल्फ खेळला. पुढे अमेरिकेत शिकवताना तो रुमालाच्या टोकाला पेनचाकू बांधायचा आणि झुलवून दाखवायचा. रुमाल झुलवता येतो, ढकलता येत नाही. घाई केली की चाकू वेडावाकडा उडतो, तिथल्या तिथे कळतं. मी घरी नॅपकिनला किल्ल्यांचा जुडगा बांधून करतो (काचेच्या कपाटापासून लांब). रेंजवर (सरावाच्या मैदानावर) माळी वाकवलेली लोखंडी पट्टी घेऊन गवत मारत असेल तर पाच मिनिटं त्याच्याकडे बघा. मनगट सैल, पट्टी आपल्या वजनाने येते-जाते, आणि माणूस तासभर दमत नाही. आयर्न (धातूच्या पातळ डोक्याचा क्लब) असाच हातात धरायचा.

क्रिकेटवाल्यांची एक खास खोड आहे, तुमच्यातही असणार. वरच्या हाताने, कोपर उंच ठेवून, बॅटचा फेस समोर दाखवत चेंडू पुढे ढकलायचा. ऑफ ड्राइव्हला ज्याचं कौतुक व्हायचं त्याचाच गोल्फमध्ये स्लाइस होतो, कारण इथे इम्पॅक्टपर्यंत फेस बंद होत यायला हवा. त्यामुळे डाव्या हाताची ग्रिप तपासा. वरून बघताना एकच नकल (बोटाच्या मुळाचा सांधा) दिसत असेल तर हात थोडा उजवीकडे फिरवा, दोन ते तीन दिसू द्या. सुरुवातीला चेंडू डावीकडे जातील. जाऊ द्या, घाबरून परत फिरवू नका.

सरावाला मी एवढंच सांगेन: पाय जुळवून, आठ नंबर आयर्नने, अर्धा स्विंग, शक्यतो गवतावर. पाय जुळलेले असताना ताकद लावली की तोल जातो, त्यामुळे कुणी न सांगता लय येते. डिव्हट (क्लबने उखडलेली माती) चेंडूच्या पुढे पडू लागला की मग पाय उघडा. ड्रायव्हर तोवर बॅगेतच राहू द्या, टीवरून (होलच्या सुरुवातीला) हायब्रिड (ड्रायव्हरपेक्षा आखूड, सोपा क्लब) मारा. सोबतचे हसतील, त्यांचे चेंडू शोधायला तुम्हीच जाल.

सिंगल प्लेनबद्दल: ही पद्धत ज्याच्या नावाने ओळखली जाते तो मो नॉर्मन हा कॅनडाचा अवलिया. पाय खूप फाकलेले, हात शरीरापासून लांब, क्लब चेंडूच्या फूटभर मागे टेकवलेला, आणि १९५५ व १९५६ अशी सलग दोन वर्षं कॅनेडियन अमॅच्युअर जिंकला. पद्धत खोटी नाही, काहींच्या कंबरेला ती मानवतेही. पण त्याने आयुष्यभर ढिगांनी चेंडू मारले, ते पॅकेजमध्ये येत नाही. स्लाइसचं मूळ उघड्या फेसमध्ये असेल तर प्लेन बदलूनही तो तिथेच राहील.

आपल्याकडे अली शेर कॅडी (खेळाडूची बॅग वाहणारा) होता, १९९१ मध्ये इंडियन ओपन जिंकला. एस. एस. पी. चौरसिया ग्रीनकीपरचा (कोर्सचं गवत राखणाऱ्याचा) मुलगा, बघून बघून शिकला, २०१६ आणि २०१७ ला तीच स्पर्धा जिंकला. तेव्हा कॅडीला नुसती बॅग ओढायला लावू नका. बरेचसे स्वतः चांगलं खेळतात. थोडे जास्त पैसे द्या आणि फक्त एक विचारा: चेंडू निघताना कुठे निघाला? तुमची नजर तेव्हा खाली असते.

पॅकेजचे पैसे अजून भरले नसतील तर आधी दोन सुटे लेसन मागा, तेही गवतावर, आणि कोच तोच राहील का ते लेखी विचारा. टाळाटाळ झाली तर उठून या. इथे व्हिडिओ टाकणार असाल तर मागून काढा, मोबाइल हातांच्या उंचीवर, टार्गेट लाइनला समांतर. समोरून काढलेल्यात पाथ कळत नाही. ग्रिपचा फोटोही जोडा, वरून, तुम्हाला दिसते तशी.