रीडिंग्ज गेली, आलेख उरला

प्रश्न : सर, मी बी.फार्म.च्या शेवटच्या वर्षाला आहे. पॅरासिटामॉल गोळीच्या डिसोल्यूशनचा (गोळी द्रवात किती वेगाने विरघळते त्याचा) मागच्या बॅचचा प्रोजेक्ट पुढे न्यायचाय. तो करणाऱ्या ताईंकडे फक्त छापील आलेख आहे. मूळ रीडिंग्ज पेन ड्राइव्हबरोबर गेली. आम्ही काय काळजी घ्यावी?
– एक विद्यार्थिनी, राजारामपुरी

उत्तर : बाळ, तुझं दुःख मला कळतं. २०१९च्या महापुरात शाहूपुरीतल्या आमच्या घरात पाणी शिरलं आणि माझ्या एम.फार्म.च्या वह्यांचा लगदा झाला. दुसरी प्रत नव्हती. म्हणून तीन प्रती ठेव, त्यातली एक क्लाउडवर.

पण नुसते आकडे मुके असतात. ०.४१२ हे ॲब्सॉर्बन्स, म्हणजे द्रावणाने शोषलेल्या प्रकाशाचं माप, कुठल्या तरंगलांबीला घेतलं? डायल्यूशन किती पट, म्हणजे द्रावण किती पातळ केलं? ढवळायचं पॅडल मिनिटाला ५० फेऱ्यांवर होतं की ७५? बफरचा, म्हणजे गोळी ज्या द्रावणात विरघळवली त्याचा, पीएच ५.८ होता का, गोळीचा बॅच नंबर काय? हे सगळं शेजारच्या रकान्यांत हवं. मूळ शीटला हात लावायचा नाही, हिशेब दुसऱ्या शीटवर. चुकलेलं रीडिंग पुसू नकोस, शेजारी कारण लिही. विद्यार्थी नेमकं हेच लपवतात, आणि पुढच्याला तेच सर्वांत उपयोगी असतं.

फाइल सीएसव्ही या साध्या मजकुराच्या स्वरूपातही ठेव, ती कुठल्याही संगणकावर उघडते. गाइडची परवानगी घेऊन झेनोडो या संशोधनाचा डेटा ठेवायच्या संकेतस्थळावर टाक. सर्न या युरोपीय संशोधन संस्थेची ही सेवा मोफत आहे, फाइलला डीओआय हा कायमचा ओळख क्रमांक मिळतो. रुग्णांची माहिती असेल तर नाव-फोन आधी काढायचे, हे निक्षून सांगतो.

आणि ताईंना आजच फोन कर. त्यांच्या प्रॅक्टिकलच्या रफ वहीत कच्ची रीडिंग्ज अजून असतील.