बस सुटल्यानंतरची शाळा

वाचकांचे प्रश्न

गावापासून दूर, माळावर किंवा डोंगरउतारावर उभी असलेली खासगी शाळा, जिथे काही मुले रोज बसने ये-जा करतात आणि काही तिथेच राहतात, अशा शाळांविषयी गेल्या दोन महिन्यांत बरीच पत्रे आली. त्यांतली तीन येथे घेतली आहेत. सातारा जिल्ह्यातल्या अशाच एका शाळेत मी एकोणीस वर्षे होस्टेलची रेक्टर होते, त्यामुळे उत्तरे त्या अनुभवातून दिली आहेत.

प्रश्न : आमचे गाव वाई तालुक्यात आहे. मुलगी सातवीत आहे. घाट चढून वरच्या एका खासगी शाळेत ती रोज बसने जाते. सकाळी सहा वीसला बस येते आणि घरी परतायला संध्याकाळचे पावणेसहा होतात. शाळेतली निम्मी मुले तिथेच राहतात. आता तीही होस्टेलला राहायचे म्हणते आहे. घर इतके जवळ असताना पोर बाहेर ठेवायची, हे तिच्या आजीला पटत नाही, आणि खरे सांगायचे तर मलाही धीर होत नाही. काय करावे?

उत्तर : ताई, आधी तुमच्या मुलीच्या दिवसाचा हिशेब कागदावर मांडा. सहा वीसची बस गाठायची म्हणजे तिला सव्वापाचला उठावे लागत असणार. संध्याकाळी पावणेसहाला घरी आल्यावर हातपाय धुणे, खाणे, थोडे लोळणे, मग गृहपाठ आणि जेवण, एवढ्यात रात्रीचे सव्वादहा सहज होतात. म्हणजे झोप मिळते सात तास. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना नऊ ते बारा तास आणि तेरा वर्षांपुढच्या मुलांना आठ ते दहा तास झोप हवी, असे झोपेचा अभ्यास करणारे डॉक्टर सांगतात. तुमच्या मुलीची झोप रोज दोन तास तरी कमी पडते आहे. घाटाची वळणे घेत जाणाऱ्या बसमध्ये डुलकी लागते खरी, पण ती झोप नव्हे. राहणाऱ्या मुलांचे दिवे नऊला मालवत असतील आणि सहाला उठवत असतील, तर या एका बाबतीत होस्टेलचे पारडे सरळसरळ जड आहे.

मात्र ती होस्टेल का मागते आहे, हे फक्त झोपेवरून ठरवू नका. येणारी आणि राहणारी मुले एकाच वर्गात बसत असली, तरी अशा शाळेत खरे तर दोन शाळा नांदत असतात. चार वाजता बसेस फाटकाबाहेर पडल्या की दुसरी शाळा सुरू होते. मैदानावरचा खेळ, चहा आणि पोह्यांची रांग, सातची अभ्यासाची बैठक, जेवणानंतर व्हरांड्यात रंगणारी अंताक्षरी, झोपण्याआधी एकमेकींच्या वेण्या सोडताना केलेल्या गप्पा, हे सगळे बसने जाणाऱ्या मुलीच्या वाट्याला येत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी वर्गात हसण्याचा विषय काल रात्रीचा असतो आणि तो तिला ठाऊक नसतो. बाराव्या-तेराव्या वर्षी ही गोष्ट फार लागते. तुमच्या मुलीला होस्टेल हवे आहे की त्या गप्पांत जागा हवी आहे, हे तिला शांतपणे विचारा. गप्पांत जागा हवी असेल, तर महिन्यातून एक-दोन शुक्रवारी तिला मैत्रिणींबरोबर रात्री राहू देता का, हे शाळेला विचारता येईल. काही शाळा आठवडाभर राहून शनिवारी घरी जाण्याची मुभा देतात. तुमचे घर जवळ असल्यामुळे तुम्हाला ती मागता येईल. लांबच्या पालकांना ते शक्य होत नाही.

उलट बाजूही सांगते. रोज येणाऱ्या मुलांच्या डब्याची राहणाऱ्या मुलांना केवढी ओढ असते, ते मी पाहिले आहे. आमच्याकडे खालच्या गावातून येणारी एक मुलगी होती. तिच्या डब्यात ज्वारीच्या दोन भाकऱ्या, ठेचा आणि शेंगदाण्याची आमटी असायची. पहिल्या महिन्यातच त्या भाकऱ्यांचे आठ तुकडे होऊ लागले. ही पोर मात्र मेसच्या चपातीवर भागवी. तिच्या आईला हे कळले तेव्हा तिने बोल न लावता चार भाकऱ्या जास्त थापायला सुरुवात केली आणि डब्याऐवजी फडके बांधून देऊ लागली. त्या फडक्याभोवती रोज दुपारी मुंबईच्या, नागपूरच्या, दुबईच्या मुली बसत. तुमची मुलगी घरून येते आहे, तोवर शाळेच्या फाटकातून घर रोज आत येते आहे. त्याची किंमत कमी समजू नका.

आता आजींविषयी. ‘बाहेर ठेवणे’ हा त्यांचा शब्द मला समजतो. पण सातारा-कोल्हापूरकडच्या माणसाला बोर्डिंग परके असायचे कारण नाही. राजर्षी शाहू महाराजांनी १८ एप्रिल १९०१ रोजी कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू केले. पुढे कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांसाठी वसतिगृह उघडले आणि तिथली मुले एका पंगतीत जेवली. पोरांच्या पोटासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्रसुद्धा विकले, हे आजींना बहुधा ठाऊक असेल. ती बोर्डिंगे गरिबाच्या मुलाला शिकता यावे म्हणून होती आणि आजच्या खासगी शाळांची फी ऐकली तर त्यांची नावे एका वाक्यात घेताना संकोच वाटतो. तरीही एक गोष्ट तेव्हा जितकी खरी होती तितकीच आजही आहे. कोणते पोर आज जेवले नाही, हे ज्याला न सांगता कळते, असे मोठे माणूस तिथे असेल, तरच ते वसतिगृह चालते.

म्हणून निर्णयाआधी त्या माणसाला भेटा. मुख्याध्यापकांना भेटून हे कळणार नाही. मुलींच्या इमारतीत रात्री झोपणाऱ्या मेट्रनबाईंना भेटा. तुमच्या मुलीचे वय पाहता पाळीचा विषय स्पष्टपणे काढा. पहिल्यांदा पाळी आली तर मुलगी कोणाकडे जाते, पॅड कुठे ठेवलेले असतात, ते मागावे लागतात की कपाटातून घेता येतात, रात्री पोटात दुखले तर गरम पाण्याची पिशवी कोण देते, हे विचारा. ज्या बाई न अडखळता, आवाज न बदलता उत्तर देतील, त्यांच्यावर मी माझी मुलगी सोपवीन. शेवटी पैशाचे. फीमध्ये धुलाई, औषधे, सहली आणि सुट्टीतले राहणे धरले आहे की वेगळे, ते लेखी घ्या. आणि वर्षभराचा शब्द न देता दिवाळीपर्यंतचे एक सत्र राहू द्या.

प्रश्न : आम्ही लातूरचे. मुलगा सहावीत आहे आणि जूनमध्ये त्याला पुणे जिल्ह्यातल्या एका निवासी शाळेत घातले. दर रविवारी फोनवर रडतो आणि ‘मला घेऊन जा’ म्हणतो. त्याचे वडील म्हणतात, सवय होईल. मला रविवारी रात्री झोप लागत नाही. गणपतीत घरी आला तेव्हा हसत-खेळत होता, पण परत जायच्या दिवशी त्याला ताप भरला. त्याला परत आणावे का?

उत्तर : रविवारी फोनवर रडणारा मुलगा सोमवारी सकाळी मैदानावर कसा असतो, हे पालकांना कधी दिसत नाही आणि होस्टेलच्या माणसाला रोज दिसते. बहुतेक मुलांची घरची आठवण दिवसभर झोपलेली असते. ती जागी होते दिवेलागणीला, आजारपणात आणि फोनवर आईचा आवाज आला की. आमच्याकडे फोनच्या खोलीबाहेर बाकावर एक पितळी तांब्या भरून ठेवलेला असे. बोलून झाले की मुले तोंडावर पाणी मारत, नाक पुसत आणि पाच मिनिटांत क्रिकेटच्या भांडणात सामील होत. तिकडे लातूरला, सोलापूरला आई मात्र रात्रभर जागी. म्हणून पहिली गोष्ट अशी करा की, रविवारच्या फोननंतर दोन तासांनी त्याच्या गृहप्रमुखांना फोन करा आणि ‘आता तो काय करतो आहे?’ एवढेच विचारा.

मुलाशी बोलताना दोन गोष्टी टाळा. ‘रडतोस का रे?’ असे विचारू नका, कारण त्या प्रश्नाचे उत्तर रडूच असते. आणि ‘अजून एक महिना बघू, नाहीतर घेऊन येऊ’ असा शब्द देऊ नका. असा शब्द मिळालेला मुलगा त्या महिन्यात कुणाशीही मैत्री करत नाही, कारण त्याच्या मनाने तो निघालेला असतो. त्याऐवजी पक्की तारीख द्या. अमुक शनिवारी आम्ही भेटायला येणार, अमुक दिवशी दिवाळीची सुट्टी लागणार, आणि त्या तारखा काहीही झाले तरी मोडू नका. पत्रे लिहा. घरची अगदी साधी बातमी कळवा : गाय व्याली, शेजारच्या काकांनी गच्चीवर पत्रा घातला, आजोबांचा चष्मा पुन्हा हरवला. घर जागच्या जागी आहे आणि आपल्यावाचून थांबलेले नाही, हे कळले की मुलाला हायसे वाटते. एक सूचना आधीच देऊन ठेवते. दिवाळीनंतर परत जाताना हे सारे पुन्हा होईल, कधी पहिल्यापेक्षा जोरात, आणि तेव्हा ‘एवढे दिवस फुकट गेले’ असे समजू नका. दुसरी खेप सहसा लवकर ओसरते.

इतके सांगितल्यावर त्याच्या तापाकडे वळते, कारण ‘सवय होईल’ हे वाक्य प्रत्येक वेळी खरे नसते. घरची आठवण आणि भीती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आठवण येणारा मुलगा घराविषयी बोलतो. भ्यालेला मुलगा शाळेविषयी बोलायचे टाळतो. एखाद्या ठरावीक खोलीचे, ठरावीक वेळेचे किंवा ठरावीक माणसाचे नाव आले की तो गप्प होतो. अंथरूण ओले होऊ लागते, वजन घटते, कपडे किंवा खाऊचा डबा पुन्हा पुन्हा ‘हरवतो’, अंगावरच्या खुणांची कारणे पटत नाहीत. यातले काही दिसले तर पुढच्या रविवारची वाट पाहू नका. न कळवता शाळेत जा, मुलाला आवाराबाहेर जेवायला न्या आणि त्याला बोलते करा. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नुसार मुलाला शारीरिक शिक्षा करणे आणि त्याचा मानसिक छळ करणे या दोन्हींना बंदी आहे. लैंगिक छळाचा संशय असेल तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे, ज्याला कळले त्याने पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे, मग तो शिक्षक असो वा मुख्याध्यापक. ‘शाळेचे नाव जाईल, आपण आपसात मिटवू’ असे कुणी म्हटले तर ते ऐकू नका. १०९८ या क्रमांकावर मुलांसाठीची मदत रात्री-अपरात्रीही मिळते, आणि तो क्रमांक तुमच्या मुलाला पाठ असू द्या.

माझ्या नोकरीच्या दुसऱ्या वर्षी एक मुलगा सारखा पोटदुखीची तक्रार घेऊन सिक रूममध्ये यायचा. डॉक्टरांना काही सापडेना. मी त्याला कामचुकार समजले. वरच्या वर्गातली दोन मुले त्याच्याकडून रोज रात्री कपडे धुऊन घेत होती, हे मला तीन महिन्यांनी कळले, आणि तेही धोब्याने सांगितले म्हणून. ते तीन महिने मला अजून सलतात. म्हणून तुमच्या मुलाचा ताप एकदाच आलेला असला, तरी त्याची चौकशी करा, असे मी म्हणते. चौकशीत काही निघाले नाही आणि दिवाळीनंतरही तो कोमेजलेलाच राहिला, तर त्याला घरी आणा. काही मुले घरीच चांगली वाढतात. त्यात मुलाचा पराभव नाही आणि तुमचाही नाही.

प्रश्न : आम्ही मस्कतला नोकरीला आहोत. मुलाला मराठी यावे आणि मोकळ्या हवेत वाढता यावे म्हणून महाराष्ट्रातल्या ग्रामीण भागातली निवासी शाळा पाहतो आहोत. एका दिवसाच्या भेटीत नेमके काय पाहावे?

उत्तर : शक्य असेल तर एप्रिलमध्ये जाऊ नका, जुलैच्या शेवटी जा. उन्हाळ्यात सगळ्या शाळा देखण्या दिसतात. सह्याद्रीच्या पावसात मात्र मोजे चार-चार दिवस वाळत नाहीत, गाद्यांना कुबट वास येतो, वीज जाते आणि घाट बंद पडतो. तेव्हा कपडे वाळवायची खोली दाखवा म्हणा. ती खोली आणि सकाळी साडेसहाची न्हाणीघरे पाहिलीत, तर माहितीपुस्तक वाचायची गरज उरणार नाही. दुपारचे जेवण पाहुण्यांच्या टेबलावर न घेता मुलांच्या पंगतीत घ्या.

मोकळी हवा म्हटली की साप-विंचूही आलेच. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे चार विषारी साप आपल्याकडे सर्वत्र आढळतात, आणि त्यांच्या दंशावर प्रतिविष हेच औषध आहे. ते जवळच्या कोणत्या रुग्णालयात आहे, तिथे रात्री पोहोचायला किती वेळ लागतो आणि शाळेची गाडी व चालक रात्री आवारात असतात का, हे तीन प्रश्न विचारा. कोकणच्या बाजूची शाळा असेल तर लाल विंचवाविषयीही विचारा. या विंचवाच्या दंशाने पूर्वी मुले दगावत असत. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी १९८० च्या दशकात प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून दिला आणि पुष्कळ जीव वाचले. शाळेच्या नर्सला हे औषध माहीत असायला हवे. मुले बूट घालण्याआधी झटकतात का, हे सकाळी व्हरांड्यात उभे राहून स्वतः पाहा.

तुम्ही परदेशात आहात म्हणून आणखी एक. मुलाला अचानक ताप आला किंवा होस्टेल दोन दिवस बंद ठेवावे लागले, तर तीन-चार तासांत पोहोचू शकेल असा मामा, आत्या किंवा जवळचा स्नेही आधी ठरवा, त्यांना शाळेत नेऊन गृहप्रमुखांची ओळख करून द्या आणि त्यांचा क्रमांक प्रवेशअर्जावर लिहा. मराठीविषयी म्हणाल, तर अशा शाळांत ती वर्गापेक्षा मैदानावर लवकर येते, आणि बसने येणारी गावची मुले जितकी जास्त, तितकी ती अस्सल येते. त्यांची संख्या किती आहे, हेही त्या भेटीत विचारून घ्या.