जोहोरचा बाजार

प्रश्न : लेक-जावई सिंगापूरला असतात. किराणा भरायला पलीकडे मलेशियातल्या जोहोरला जातात अन् संध्याकाळी परत! कापसाची वेचणी आटोपली की मी जाणार आहे. मला नेता येईल का त्यांना?
– एक वाचक, आर्वी तालुका

उत्तर : काकू, बिनधास्त जा. मधला पूल जेमतेम किलोमीटरभर, १९२४ सालचा. वेळ जातो तो पासपोर्टच्या रांगांत. शनिवार-रविवार टाळाच. भारतीयांना ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत मलेशियाचा व्हिसा लागत नाही, पण डिजिटल अरायव्हल कार्ड, म्हणजे येण्याची माहिती देणारा ऑनलाइन फॉर्म, आधी भरावं लागतं. खरी मेख परतीची : तुमचा सिंगापूरचा व्हिसा एकाच प्रवेशाचा असेल तर पलीकडेच अडकाल. लेकीला आधी तेवढं पाहायला सांगा.

सिंगापूरच्या एका डॉलरला मलेशियाचे तीनेक रिंगिट मिळतात, म्हणून ही झुंबड. मी गेले तेव्हा पुढच्या बाईनं खाद्यतेलाचा डबा पोरासारखा कडेवर घेतला होता! मात्र ४८ तासांच्या आत परतलात तर १०० सिंगापूर डॉलरपर्यंतचाच माल करमुक्त. आणि च्युइंगगम घेऊ नका बरं, सिंगापुरात आणायला बंदी आहे.