‘मी फसले’ की ‘मला फसवलं’?

कलिन्याला समाजशास्त्रात संशोधन करणाऱ्या एका वाचक भगिनीचा प्रश्न आहे. मुंबईतल्या ऑनलाइन फसवणुकीवर त्यांचं काम चालू आहे आणि प्रश्नावली मराठीत करायची आहे. ‘व्हिक्टिम’ला ‘बळी’ म्हणावं, ‘पीडित’ म्हणावं की आणखी काही, यावर त्यांचं आणि मार्गदर्शकांचं एकमत होत नाहीये. जोडीला एक छोटा प्रश्न : ‘हॅक’ हा शब्द प्रश्नावलीत चालेल का?

प्रबंधात ‘पीडित’ किंवा ‘फसवणूक झालेली व्यक्ती’ खुशाल लिहा. प्रश्नावलीत मात्र यातलं एकही नाम नको. तिथे क्रियापदाने विचारा, आणि तेही जपून निवडलेल्या.

नामांचा निकाल आधी लावू. ‘बळी’ म्हटलं की मराठी माणसाला जीव गेलेला दिसतो : उष्माघाताचे बळी, हुंडाबळी. फसवणुकीच्या बातमीत ‘बळी पडणे’ येतं ते बहुतेक वेळा ‘आमिषाला’च्या शेपटाला बांधून, म्हणजे माणूस लोभी होता हे गृहीतच. ‘आज रात्री साडेनऊला तुमची वीज कापली जाईल’ असा मेसेज वाचून हातपाय गाळलेल्या निवृत्त शिक्षिकेला कसलं आलंय आमिष! ‘पीडित’ अर्थाने ठीक आहे, पण ‘पीडिता’ हे रूप वर्तमानपत्रांनी लैंगिक अत्याचाराच्या बातम्यांना इतकं जखडून टाकलंय की मुलुंडच्या काकू तो रकाना बघूनच कागद परत करतील. ‘फिर्यादी’ म्हणजे ज्याने पोलिसांत फिर्याद दिली तो. जो कुठेच गेला नाही, तोच तर तुम्हाला शोधायचाय. ‘सावज’ बातमीदारांना लखलाभ.

आता क्रियापदं. खरी गंमत इथे आहे.

लोकलमध्ये खिसा कापला गेला तर आपण ‘माझं पाकीट मारलं’ म्हणतो. मारणारा वाक्यात नसतो, पण तो आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं. ‘मी पाकिटाच्या बाबतीत चुकलो’ असं कोणी म्हणत नाही. तोच माणूस फोनवर पैसे गेले की म्हणतो, ‘मी फसलो.’ ‘फसणे’ अकर्मक आहे. त्यात कर्ता एकच, आणि तो म्हणजे स्वतः बोलणारा. ‘मला फसवलं’ म्हटलं की लगेच ‘कोणी?’ हा प्रश्न उभा राहतो. पोलिसी जबाबातली मराठी कितीही रुक्ष म्हणा, ‘अज्ञात इसमाने माझा विश्वास संपादन करून माझी आर्थिक फसवणूक केली’ या वाक्यात दोष योग्य माणसाच्या पदरात पडतो. म्हणून ‘तुम्ही कधी ऑनलाइन फसला आहात का?’ असं विचाराल तर निम्मे लोक ‘छे, मी नाही’ म्हणून मोकळे होतील. कोण कबूल करणार?

हा निव्वळ शिष्टाचाराचा मामला नाही. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने ग्राहकाची जबाबदारी ठरवून दिली. चूक बँकेची नाही, ग्राहकाचीही नाही, तिसऱ्याच कोणाची असेल आणि तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर ग्राहकावर बोजा शून्य. पण ग्राहकाने स्वतः गुप्त माहिती दुसऱ्याला दिली असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचं सगळं नुकसान त्याचं. आता त्या वीजबिलवाल्या प्रकरणात काय होतं बघा. समोरचा गोड बोलून स्क्रीन शेअर करणारं अॅप टाकायला लावतो. मग बाईंच्या फोनवर आलेला ओटीपी तो आपल्या पडद्यावर वाचतो. ‘तुम्ही ओटीपी दिला का?’ या प्रश्नाला त्यांचं प्रामाणिक उत्तर ‘नाही’ आहे. ‘ओटीपी गेला का?’ याला ‘हो’. दिला, सांगितला, गेला, बघितला, काढून घेतला : मराठीत पाच वेगळी क्रियापदं असताना एका ‘शेअर केला’वर भागवू नका. फॉर्म भरणारे सगळेच त्यावर भागवतात आणि तिथेच घोळ होतो.

मुळात या विद्याशाखेलाच दोष वाटायची खोड होती. पीडितांच्या अभ्यासाचा पाया घालणाऱ्यांपैकी मेंडेलसोन यांनी पीडितांची वर्गवारी केली तीच ‘पूर्ण निर्दोष’पासून ‘सर्वाधिक दोषी’पर्यंत. संगणक सुरक्षेतही ‘माणूस हाच कच्चा दुवा’ हे पालुपद वर्षानुवर्षं चाललं. १९९९ मध्ये अॅन अॅडम्स आणि अँजेला सॅस यांनी ठणकावून सांगितलं की वापरणारा शत्रू नव्हे. ढीगभर पासवर्ड लादले आणि ते सारखे बदलायला लावले, तर माणूस ते कागदावर लिहून ठेवणारच. हा बदल इंग्रजी शोधनिबंधांत झाला आणि आपल्या प्रश्नावलीत ‘फसलात का?’ राहिलं, तर काय उपयोग?

नुसतं विचारल्याने किती फरक पडतो याचा मासला इंग्लंड-वेल्सचा. तिथल्या घरोघर जाऊन होणाऱ्या गुन्हे सर्वेक्षणात ऑक्टोबर २०१५ पासून फसवणूक आणि संगणकाच्या गैरवापराचे प्रश्न घातले, आणि गुन्ह्यांचा एकूण अंदाज जवळपास दुप्पट झाला. गुन्हे आधीही होतच होते.

तेव्हा प्रश्न असे करा : ‘गेल्या वर्षभरात कोणी खोटं सांगून तुमच्याकडून किंवा तुमच्या खात्यातून पैसे काढून घेतले का?’ ‘प्रयत्न केला का?’ मग रकमेकडे या. ‘किती गेले?’ एवढ्यावर थांबू नका. आपल्याकडे लोक ‘दोन लाख गेले’ म्हणतात आणि चहा संपता संपता कळतं की त्यातले काही १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन केल्यामुळे होल्ड झाले, काही परत आले. गेले, अडकले, परत आले असे तीन रकाने ठेवा. मायक्रोसॉफ्टचे संशोधक फ्लोरेन्सियो आणि हर्ली यांनी २०११ मध्ये दाखवलं होतं की नुकसानीच्या सर्वेक्षणात एखाददुसरं फुगलेलं उत्तर सगळा अंदाज हवेत नेऊ शकतं.

‘तक्रार केली का?’ हाही प्रश्न फोडायला हवा. बँकेत सांगणं, १९३० वर किंवा सरकारच्या सायबर गुन्हे पोर्टलवर नोंदवणं आणि पोलीस ठाण्यात गुन्हा दाखल होणं या तीन निरनिराळ्या पायऱ्या आहेत. पोर्टलचा क्रमांक हातात असला की लोक ‘केस केली’ म्हणतात, प्रत्यक्षात एफआयआर झालेला नसतो.

राहिला ‘हॅक’. २००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्यात कलम ६६ चं शीर्षकच हॅकिंगचं होतं. २००८ च्या दुरुस्तीत ते जाऊन ‘संगणकाशी संबंधित गुन्हे’ आलं. कायद्याने शब्द टाकला, पण लोकांनी तो घट्ट धरला. दादरला कोणी ‘माझं फेसबुक हॅक झालं’ म्हणालं तर खात्यात कोणी शिरलेलं असेल, किंवा त्यांचा फोटो उचलून कोणी दुसरंच खातं उघडलं असेल, किंवा पासवर्डच आठवत नसेल. त्यामुळे छापील प्रश्नात ‘हॅक’ नको. ‘तुमच्या खात्यात दुसरं कोणी शिरलं का?’ आणि ‘तुमच्या नावाने दुसऱ्या कोणी खातं उघडलं का?’ असे दोन प्रश्न ठेवा. उत्तर देणाऱ्याच्या तोंडून मात्र ‘हॅक’ आला तर तो दुरुस्त न करता तसाच टिपून घ्या, आणि पुढे विचारा, ‘म्हणजे नेमकं काय झालं?’