ठाण्यात सोसायटीत राहून इलेक्ट्रिक कार घ्यावी का? कमिटी म्हणते पार्किंगमध्ये आग लागेल, ते खरंय का? आणि आता सबसिडी मिळते का?

"कमिटी म्हणते आग लागेल" एवढं वाचलं आणि राहवलं नाही, म्हणून लिहायला बसले. सबसिडीचं नंतर बघू.

मी घोडबंदर रोडला राहते, नोकरी रबाळे एमआयडीसीत, कंपनी इलेक्ट्रिकल पॅनल बनवते, त्यामुळे केबल, ब्रेकर, अर्थिंग हेच दिवसभर चालू असतं. गाडी घेतली २०२२ च्या सुरुवातीला. पार्किंग आमच्या नावावर, मीटर रूम आमच्याच विंगखाली, केबलचा सगळा खर्च आम्ही करणार, असा सरळ अर्ज दिला. उत्तर आलं, जनरल बॉडीत ठेवू. बरं म्हटलं. तोवर ऑफिसात चार्ज करत होते.

नेमका त्याच उन्हाळ्यात इलेक्ट्रिक स्कूटर पेटल्याचे व्हिडिओ फिरायला लागले, जूनमध्ये वसईला एक नेक्सॉन ईव्ही जळाली आणि चॅनलवाल्यांना आठवडाभराचं खाद्य मिळालं. मीटिंगला आमचे खजिनदार काका मोबाईल हातात धरून खुर्च्यांच्या रांगांमधून फिरत होते, एकेकाला व्हिडिओ दाखवत. मी म्हटलं, काका, ही स्कूटर आहे, कारची बॅटरी वेगळी असते, तिला कूलिंग असतं. तर म्हणे, "बॅटरी ती बॅटरीच." मी उभी राहून समजवायला लागले तर मला म्हणाले, "तू बस गं, मिस्टरांना बोलू दे, त्यांना सांगतो मी नीट." मिस्टर बँकेत आहेत हो! फेज कुठला आणि न्यूट्रल कुठला हे त्यांना अजून कळत नाही, आणि ते मागच्या रांगेत समोसा खात बसले होते.

मग मात्र माझा पारा चढला. म्हटलं, जनरेटरच्या खोलीत डिझेलचे कॅन कुणाच्या परवानगीने ठेवलेत? आणि पार्किंगमध्ये ज्या सीएनजी गाड्या आहेत त्यांच्या टाकीत २०० बारच्या आसपास दाबाने गॅस असतो, दर ३ वर्षांनी टाकीची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाने तपासणी) करावी लागते, ज्यांनी केलीय त्यांनी सर्टिफिकेट दाखवा. कुणी दाखवेना. काकांची गाडी सीएनजीवरच. यावर काका म्हणाले, विषय भरकटवू नको, आणि ठराव काय झाला तर फायर ब्रिगेडचं पत्र आणा.

गंमत म्हणजे त्याच बिल्डिंगमध्ये एक कुटुंब स्कूटरची काढता येणारी बॅटरी वर हॉलमध्ये आणून, सोफ्याशेजारी, टीव्हीच्याच एक्स्टेन्शन बोर्डवर रात्रभर लावून ठेवायचं. मला विचाराल तर खरी भीती तिथे आहे. आग लागली तर घरातून बाहेर पडायचा दरवाजाच त्या बाजूला. त्यावर कधी कुणी हरकत घेतली नाही, कारण ती बॅटरी पार्किंगमध्ये दिसत नाही.

परवानगी मला शेवटी मिळाली, पण आग लागत नाही हे पटवून नाही मिळाली. लायसन्सवाल्या काँट्रॅक्टरकडून सिंगल लाइन डायग्राम (मीटरपासून पॉइंटपर्यंतच्या वायरिंगचा नकाशा), आर्मर्ड म्हणजे लोखंडी कवचाची केबल, करंट गळला की लाइन तोडणारा ३० मिलीअँपचा आरसीसीबी, जास्त करंट गेला की पडणारा वेगळा एमसीबी, अर्थिंगच्या खड्ड्याचं रीडिंग, आणि घरच्या कनेक्शनवरून गाडी चार्ज करता येते असं सांगणारी ऊर्जा मंत्रालयाची मार्गदर्शक तत्त्वं, असा गठ्ठाच अर्जाला लावला आणि पोच घेतली. कागद बघून कमिटी शांत झाली, व्हिडिओ बघून तापली होती तशीच. तुम्हीही तोंडी वाद घालूच नका. महावितरणकडून ईव्हीसाठी वेगळं मीटरही घेता येतं, ते घ्याच, नाहीतर घरचं बिल वरच्या स्लॅबमध्ये गेलं की सगळं गणित फिस्कटतं.

आणि प्लीज, पॅसेजच्या लाइटमधून वायर खेचून साधा १५ अँपचा सॉकेट लावू नका. गाडीचा छोटा चार्जरसुद्धा ३.३ किलोवॅट घेतो, म्हणजे त्या पॉइंटमधून रात्रभर सलग १४-१५ अँप करंट जातो. गीझर अर्ध्या तासात बंद होतो, गाडी आठ-नऊ तास ओढत असते. आमच्या शेजारच्या सोसायटीत असा सॉकेट मी उघडून बघितलाय, आतलं प्लास्टिक तपकिरी होऊन ठिसूळ झालेलं, स्क्रू ढिला. उद्या तिथे धूर निघाला तर नाव गाडीचं होणार. इंडस्ट्रियल सॉकेट लावा. अर्थिंग खराब असेल तर बहुतेक चार्जर लाल दिवा दाखवून चार्जच करत नाहीत, तेव्हा वायरमन "मॅडम, जुगाड करून देतो" म्हणेल, त्याला चहा पाजून परत पाठवा.

आता आगीचं सरळ उत्तर. बॅटरी निवडायची सोय असेल तर एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) केमिस्ट्रीची घ्या, एनएमसी म्हणजे निकेल-मँगनीज-कोबाल्टवालीच्या मानाने ती उष्णतेला जास्त टिकते, थोडी जड असते एवढंच. २०२२ च्या घटनांनंतर सरकारने बॅटरीचे नियम कडक केले, कारसाठी एआयएस-०३८ हे सुरक्षा मानक, त्याचा दुसरा टप्पा ३१ मार्च २०२३ पासून लागू झाला. आत एखादा सेल पेटला तरी माणसांना बाहेर पडायला वेळ मिळाला पाहिजे अशी चाचणी त्यात आहे. त्याआधीची सेकंडहँड गाडी घेत असाल तर हे लक्षात ठेवा. पाण्याचं म्हणाल तर बॅटरी पॅक साधारण आयपी-६७ असतो, म्हणजे १ मीटर पाण्यात अर्धा तास, पण म्हणून वंदना टॉकीजपाशी तुंबलेल्या पाण्यात मुद्दाम गाडी घालायची नाही.

डिझाइनबद्दल माझं मत कडू आहे. पेट्रोल गाडीच्याच सांगाड्यात बॅटरी बसवलेल्या गाड्यांमध्ये मागची फ्लोअर वर येते, सासूबाई मागे बसल्या की गुडघे पोटाशी येतात आणि कल्याण फाट्यापर्यंत ते ऐकावं लागतं. स्टेपनी बऱ्याच गाड्यांत नसते. एसीसाठी टचस्क्रीनमध्ये बोटं मारत बसणं मानपाड्याच्या ट्रॅफिकमध्ये धोक्याचं आहे, बटणं असलेली गाडी बघा. आणि एक गोष्ट शोरूमवाले सांगत नाहीत, मोठी बॅटरी फुल असली तरी आतली छोटी १२ व्होल्टची बसली तर गाडी उघडतसुद्धा नाही. ती वेळच्या वेळी बदला.

खर्च. घोडबंदरच्या जाममध्ये पेट्रोल गाडी ११-१२ चं अॅव्हरेज देते, पेट्रोल शंभरच्या वर, म्हणजे किलोमीटरला ९ रुपये तरी धरा. माझी गाडी युनिटला ६ ते ७ किलोमीटर जाते, घरी युनिट १० रुपयांना पडलं तरी किलोमीटरला दीड रुपया. रस्त्यावरच्या फास्ट चार्जरला युनिटचे २० च्या वर मोजावे लागतात, तिथे किलोमीटरचा खर्च दुप्पट होतो. थर्ड पार्टी विम्यात ईव्हीला १५ टक्के सूट आहे, पण गाडी महाग असल्यामुळे बाकीचा विमा ती सूट खाऊन टाकतो. टायर लवकर झिजतात, वजन जास्त आणि पिकअप झटक्याचा.

सबसिडी. मी घेतली तेव्हा २०२१ च्या राज्य धोरणात बॅटरीच्या क्षमतेच्या दर युनिटला (किलोवॅट-तासाला) ५,००० प्रमाणे जास्तीत जास्त दीड लाख आणि लवकर घेणाऱ्यांना वर १ लाख होते. ते धोरण आता संपलं. कर्जाच्या व्याजावरची आयकरातली ८०ईईबी सवलतही ३१ मार्च २०२३ पर्यंत मंजूर झालेल्या कर्जांनाच आहे. केंद्राच्या पीएम ई-ड्राइव्ह या सबसिडी योजनेत खासगी कारला काही नाही. जीएसटी मात्र ५ टक्केच आहे, पण सप्टेंबर २०२५ पासून छोट्या पेट्रोल गाड्यांचा १८ वर आल्यामुळे दोघींच्या किमतीतलं अंतर वाढलंय. राज्याच्या २०२५ च्या धोरणात अटल सेतू, एक्स्प्रेस वे आणि समृद्धीवर ईव्ही कारला टोलमाफी आहे, फास्टॅगमधून कापला गेला तर मेसेज जपून ठेवा आणि तक्रार करा. खरेदीवरची सूटही याच धोरणात आहे, डीलर तोंडी सांगेल, कोटेशनवर लिहून घ्या.

हो, एक राहिलं. काकांच्या बाजूनेही एक मुद्दा आहे, तो त्यांनी मांडला नाही म्हणून मी मांडते. लिथियम बॅटरी एकदा पेटली की विझवायला प्रचंड पाणी लागतं आणि विझल्यासारखी वाटून परत पेटू शकते. त्यामुळे पार्किंग बंद बेसमेंटमध्ये असेल तर पॉइंट रॅम्पजवळ, बंब पोचेल अशा ठिकाणी मागा. आमचं पार्किंग स्टिल्ट, म्हणजे बिल्डिंगच्या खांबांमध्ये जमिनीच्या पातळीवर, तिन्ही बाजूंनी उघडं आहे, त्यामुळे इथे त्या भीतीला काही अर्थ नव्हता आणि मी हे आजही त्यांच्या तोंडावर सांगेन.

तुमचं महिन्याचं रनिंग तुम्ही लिहिलंच नाहीये. हजार किलोमीटर असेल आणि घरी पॉइंट मिळत असेल तर डोळे झाकून घ्या. फक्त शनिवार-रविवार मॉलपर्यंत जायचं असेल तर पेट्रोलच बरी, वरचे तीन लाख वसूल व्हायला दहा वर्षं लागतील. आणि बुकिंगचे पैसे भरायच्या आधी कमिटीचं लेखी पत्र हातात घ्या, मीटिंगला जाताना ते डायग्राम स्वतः घेऊन जा, मिस्टरांकडे देऊ नका.