टू-डी इकोमध्ये (हृदयाच्या सोनोग्राफीत) ईएफ (इजेक्शन फ्रॅक्शन) ६० टक्के आला म्हणजे हृदय किती खराब झालं?

या आकड्यावरून तरी काही खराब दिसत नाही, ६० चांगला आहे. आईच्या रिपोर्टवर ‘ग्रेड वन डायस्टोलिक डिसफंक्शन’ आणि ‘ट्रिव्हिअल टीआर’ असंही लिहिलंय म्हणता, त्यावर शेवटी येतो. आधी या ६० टक्क्यांनी आमच्या घरात काय धिंगाणा घातला ते ऐका.

चार वर्षांपूर्वी, सप्टेंबरात, नानांचं (माझे वडील) बीपी वाढलं म्हणून नाशिकला नेऊन इको केला. रिपोर्ट हातात पडेपर्यंत डॉक्टर निघून गेलेले. काउंटरवर एवढंच सांगितलं, गोळ्या चालू ठेवा, महिन्याने दाखवा. परत येताना दिंडोरी नाक्यावर चहाला थांबलो, तिथे दाजींनी रिपोर्ट उघडला. दाजी गणिताचे मास्तर. बोट ठेवून म्हणाले, “साठ टक्के. म्हणजे चाळीस गेलं.”

झालं. नानांनी त्या दिवशी द्राक्षछाटणीची कात्री खुंटीला टांगली. जिना बंद, मळ्यात जाणं बंद. आत्या येऊन रडून गेल्या. आणि ऑक्टोबर छाटणी तर तोंडावर आलेली. आमच्याकडे कुठली काडी किती डोळ्यांवर (कोंबांवर) कापायची हे नाना सांगायचे. सबकेनची (शेंडा खुडल्यावर फुटलेल्या पोटकाडीची) गाठ चाचपून, काडीची जाडी अंगठ्याने बघून. त्या वर्षी दाजींच्या ओळखीची टोळी आली आणि सगळी बाग एकाच मापाने कापून गेली. पुढे निम्म्या काड्यांवर घडच नाही, नुसती पालवी. नाना ओट्यावर खाटेवर बसून बघत होते, पण तोंडातून शब्द नाही. ओरडलं तर उरलेले साठही जातील, ही भीती!

महिन्याने डॉक्टरांनी रिपोर्ट बघितला आणि विचारलं, “बाबा, फवारणीचा पंप एका दाबात रिकामा होतो का?” नाना म्हणाले, “झाला तर तो फुटका.”

तेवढंच आहे ते. शाळेत आपण डावी जवनिका शिकलो, तो कप्पा. ठोक्याआधी त्यात समजा १२० मिली रक्त भरलं आणि एका ठोक्यात ७० मिली बाहेर गेलं, तर ईएफ झाला साधारण ५८ टक्के. बाकीचं आतच राहतं. ५५ ते ७० च्या आसपास नॉर्मल धरतात. शंभर पैलवानाचाही नसतो. हा आकडा परीक्षेच्या मार्कांसारखा वाचायचाच नसतो, आणि हे सांगायला डॉक्टरांना अर्धं मिनिट लागलं. तेच अर्धं मिनिट रिपोर्ट देतानाच कुणी दिलं असतं तर?

काही जण म्हणतात, रिपोर्ट मराठीत छापा. काय होणार? ईएफच्या जागी ‘उत्सर्जन अंश’ आलं तरी दाजी वजाबाकी करणारच. आजारांच्या नावांचाही असाच घोळ. आपल्याकडे हार्ट फेल्युअर म्हटलं की माणूस गेलाच असं धरतात. पण हृदय एकाएकी थांबतं तो कार्डिअॅक अरेस्ट. हार्ट अटॅकमध्ये हृदयाला रक्त पुरवणारी वाहिनी तुंबते. फेल्युअर म्हणजे हृदय शरीराला पुरेसं रक्त पुरवू शकत नाही, त्यात माणसं गोळ्यांवर वर्षानुवर्षं हिंडतात-फिरतात. पेपरात मात्र सगळंच ‘हृदयविकाराचा धक्का’.

तर तुमच्या आईचं. ग्रेड वन म्हणजे ठोक्यानंतर हृदय सैल व्हायला थोडा वेळ घेतंय; वय झालं, बीपी असलं की बऱ्याच जणांना येतं. ट्रिव्हिअल टीआर म्हणजे उजवीकडच्या झडपेतून किंचित रक्त मागे जातंय. धडधाकट माणसांतही दिसतं. बीपी मात्र सांभाळा.

आणि हो, मी डॉक्टर नाही. ईएफ चांगला असूनही हार्ट फेल्युअर असू शकतं. त्यामुळे दम लागत असेल, पाय सुजत असतील, रात्री झोपायला उशा वाढवाव्या लागत असतील तर माझ्या उत्तरावर विसंबू नका, लगेच दाखवा. आणि रिपोर्ट घरातल्या हुशार माणसाच्या हाती देऊ नका.

गेल्या दिवाळीतही दाजी म्हणालेच, “पण कागदावर साठच होतं ना?” होतं की. त्या टोळीची मजुरी तेवढी कुणी दिली, ते विचारा त्यांना.