ऑप्टिकल बायोसेन्सरची संवेदनशीलता वाढवायला सोन्याचे नॅनोकण, क्वांटम डॉट की ग्राफीन, काय वापरावं?

ऑप्टिकल बायोसेन्सर म्हणजे नमुन्यातला एखादा जैविक रेणू प्रकाशाच्या मदतीने ओळखणारं साधन. प्रकल्पासाठी या तिघांपैकी त्याची संवेदनशीलता सर्वांत जास्त कशाने वाढेल, असं तुम्ही विचारलं आहे. मी स्वतः सोन्याच्या कणांवर काम करते, तेव्हा माझा कल तिकडे असणारच. पण पदार्थ निवडण्याआधी एक गोष्ट पक्की करा: तुमचा सिग्नल पृष्ठभागापासून किती अंतरावर तयार होतो?

सोन्याच्या कणातले इलेक्ट्रॉन प्रकाशाबरोबर एकत्र हेलकावतात, म्हणून ५२० नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश कण जोरात शोषतो आणि द्रावण लाल दिसतं. १३ नॅनोमीटरच्या कणांचा मोलर शोषणांक (ठराविक संहतीला प्रकाश किती शोषला जातो त्याचं माप) सुमारे २७ कोटी आहे, नेहमीच्या सेंद्रिय रंगांचा लाखाच्या घरात. गर्भचाचणीच्या पट्टीवरची लाल रेघ नुसत्या डोळ्यांनी दिसते ती याच जोरावर.

मात्र कणाभोवतीचं विद्युतक्षेत्र फार लांब पोचत नाही. सपाट सोन्याच्या थरावरच्या एसपीआरमध्ये (थरावर रेणू बसला की परावर्तित प्रकाश मंद होण्याचा कोन किती सरकतो ते मोजणारी पद्धत) ते द्रवात साधारण २०० नॅनोमीटर जातं, लहान कणाभोवती मात्र १०-२० नॅनोमीटरमध्येच विरतं. आता हिशेब करा. तुमचा रेणू पकडणारं प्रथिन, म्हणजे अँटिबॉडी, हेच १०-१५ नॅनोमीटरचं, त्याखाली लांब लिंकर (त्याला कणाशी जोडणारी रेणूंची साखळी) लावला, तर तुमचा रेणू येऊन बसतो तो जवळजवळ क्षेत्राबाहेरच. कण कितीही चांगले असोत, स्पेक्ट्रम, म्हणजे ते शोषतात त्या प्रकाशाची तरंगलांबी, हलत नाही. अशा वेळी अॅप्टामर (रेणू पकडणारा डीएनए किंवा आरएनएचा छोटा धागा) किंवा अँटिबॉडीचा छोटा तुकडा लावून पाहा. मला तरी कणांचा आकार बदलत बसण्यापेक्षा हा मार्ग जास्त फळतो असं वाटतं. उलट एसपीआर चिप वापरणार असाल तर सँडविच करा: रेणू चिपवर पकडला गेला की सोन्याचा कण जोडलेली दुसरी अँटिबॉडी सोडायची. एकट्या रेणूने जेमतेम सरकणारा कोन कणामुळे ठळक सरकतो.

क्वांटम डॉट, म्हणजे अर्धवाहकाचे काही नॅनोमीटरचे स्फटिक, चमकदार असतात, सेंद्रिय रंगांसारखे पटकन विझत नाहीत आणि आकारानुसार त्यांचा रंग ठरतो. फ्लुरोसन्सवर (प्रकाश शोषून परत बाहेर टाकलेल्या उजेडावर) एकाच वेळी अनेक रेणू मोजायचे असतील तर तेच घ्या, फक्त त्यांतल्या अनेकांत असणाऱ्या विषारी कॅडमियमचा विचार करा. ग्राफीनचा, म्हणजे कार्बनच्या एका अणूइतक्या जाड पत्र्याचा, उपयोग प्रकाश विझवण्यासाठी जास्त होतो: रंग लावलेला एकेरी डीएनए त्याला चिकटून अंधारा राहतो, जोडीदार सापडला की सुटतो आणि उजळतो.

आता ज्याकडे सर्रास दुर्लक्ष होतं ते. शोधमर्यादा, म्हणजे सेन्सरला ओळखता येणारं सर्वांत कमी प्रमाण, ही कोऱ्या नमुन्याच्या (ज्यात शोधायचा रेणूच नाही) प्रमाण विचलनाची तिप्पट भागिले संहती-सिग्नल आलेखाचा चढ. नॅनोकणांनी चढ दहापट केला आणि कोऱ्या नमुन्यातली चलबिचलही दहापट वाढली, तर हाती काहीच लागलं नाही. रक्ताच्या सीरममध्ये अल्ब्युमिन लिटरला ३५ ते ५० ग्रॅम असतं आणि तुम्ही शोधताय तो मार्कर (आजाराची खूण असलेला रेणू) कदाचित मिलिलिटरला काही पिकोग्रॅम. अल्ब्युमिन कणांना जाऊन चिकटणारच. बफरमधली (पीएच स्थिर ठेवणाऱ्या स्वच्छ द्रावणातली) सुंदर शोधमर्यादा सीरममध्ये ढासळते ती इथे.

त्यामुळे कणांवरचा अँटिबॉडीचा लेप नीट बसलाय का हे आधी तपासा. कणांच्या छोट्या छोट्या भागांत अँटिबॉडीचं प्रमाण वाढवत न्या, थोडं थांबा आणि प्रत्येकात १० टक्के मिठाचं द्रावण घाला. जिथे लेप अपुरा आहे तिथे मीठ कणांमधलं विद्युत प्रतिकर्षण झाकून टाकतं, कण एकमेकांना चिकटतात आणि लाल रंग बघता बघता जांभळा, मग निळसर-करडा होतो. ज्या सर्वांत कमी प्रमाणात लाल टिकला, त्याहून थोडी जास्त अँटिबॉडी वापरा. पीएच अँटिबॉडीच्या समविद्युत बिंदूच्या (ज्या पीएचला तिच्यावरचा एकूण विद्युतभार शून्य असतो) जरासा वर ठेवा. उरलेल्या मोकळ्या जागा बीएसए (गाईच्या सीरममधलं अल्ब्युमिन) किंवा पीईजीने (पॉलिएथिलीन ग्लायकॉल) भरा.

वेळ कमी असेल तर ४० नॅनोमीटरचे सोन्याचे कण आणि साधा स्पेक्ट्रोफोटोमीटर (प्रत्येक तरंगलांबीचा प्रकाश किती शोषला गेला ते मोजणारं यंत्र) पुरे. कोरे नमुने मात्र भरपूर मोजा, आणि तेही बफरमध्ये नव्हे, ज्या द्रवात सेन्सर शेवटी वापरायचा आहे त्यातच.